ऋतूंची वही कशी ठेवावी

रोजनिशी लिहिणाऱ्या बहुतेकांना एक अनुभव येतो. जुनी पाने उलटली की तीच वाक्ये पुन्हा पुन्हा भेटतात : ‘हल्ली काही सुचत नाही’, ‘वेळ पुरत नाही’, ‘आता नव्याने सुरुवात करायला हवी’. लिहिताना ती दर वेळी नवीच वाटलेली असतात, कारण मन स्वतःलाच फूटपट्टी करून स्वतःला मोजत असते आणि फूटपट्टीच आखडली किंवा ताणली गेली तर माप चुकल्याचे कळायला मार्ग उरत नाही. ऋतू हे मनाबाहेरचे माप आहे. आपण आनंदात आहोत की खिन्न, याची दखल न घेता ते आपल्या गतीने सरकते आणि वर्षाने पुन्हा त्याच ठिकाणी येऊन उभे राहते. त्या मापाशेजारी स्वतःला ठेवून पाहण्याची, आणि पाहता पाहता काही घडवण्याची, एक पद्धत इथे सांगितली आहे. तिला एक वही, एक पेन्सिल, एक ठरलेली जागा आणि दिवसाची दहा मिनिटे लागतात. तिचे खरे फळ दुसऱ्या वर्षी हाती येते, हे मात्र सुरुवातीलाच सांगितलेले बरे.

आधी वर्ष समजून घ्यावे

पृथ्वी सूर्याच्या जवळ गेली की उन्हाळा आणि दूर गेली की हिवाळा, असा समज शिकल्यासवरल्या माणसांतही आढळतो. प्रत्यक्षात पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे उत्तर गोलार्धात थंडी असताना. ऋतू होतात ते पृथ्वीचा अक्ष सुमारे २३.४ अंशांनी कललेला असल्यामुळे. या कलामुळे वर्षभर सूर्यकिरणांचा तिरकेपणा आणि दिवसाची लांबी बदलत राहते, आणि एका गोलार्धात पालवी फुटत असते तेव्हा दुसऱ्यात पानगळ चाललेली असते. वसंत म्हणजे नवी सुरुवात, पानगळ म्हणजे विरह, हिवाळा म्हणजे एकटेपणा अशी जी ठरीव समीकरणे आपण उचललेली असतात, ती या एका गोष्टीने सैल व्हायला हरकत नाही. ऋतू स्वतः काहीच सुचवत नाही. अर्थ आपण लावतो, आणि तो दुसऱ्याकडून उसना घेतलेला असेल तर वहीत त्याला जागा देऊ नये.

दिवस वाढण्या-घटण्याचा वेग वर्षभर सारखा नसतो, ही बाब या पद्धतीच्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची आहे. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या, म्हणजे दिवस आणि रात्र जवळजवळ सारखी असते त्या दिवसांच्या, आसपास दिवसाची लांबी सर्वांत झपाट्याने बदलते; ४५ अक्षांशाच्या परिसरात हा बदल रोज तीन मिनिटांहून अधिक असतो. उलट जून आणि डिसेंबरमधील अयनदिनांच्या, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसाच्या, आगेमागे काही दिवस तो सेकंदांवर येतो आणि सूर्य जागच्या जागी थबकल्यासारखा वाटतो. वर्षाचे चार तुकडेही सारखे पडत नाहीत. पृथ्वीची कक्षा किंचित लंबवर्तुळाकार असल्याने आणि सूर्यापासून दूर असताना पृथ्वी सावकाश फिरत असल्याने, मार्चच्या विषुवदिनापासून जूनच्या अयनदिनापर्यंत सुमारे ९२.८ दिवस जातात, तर डिसेंबरच्या अयनदिनापासून मार्चच्या विषुवदिनापर्यंत अवघे ८९ दिवस. म्हणून तीन-तीन महिन्यांचे चौकोनी वेळापत्रक आखून त्यात स्वतःला कोंबण्याचा आग्रह धरू नये.

विषुववृत्ताजवळ राहणाऱ्यांना दिवसाच्या लांबीचा हा आधार फारसा मिळत नाही, कारण तिथे दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपासच राहतो. त्यांनी पाऊस, वाऱ्याची दिशा, हवेतला दमटपणा आणि पक्ष्यांची ये-जा यांना माप करावे. वर्षाचे भाग किती पाडायचे हे कुठेही निसर्गाने ठरवून दिलेले नाही. कोणी ओला आणि कोरडा असे दोनच ऋतू मानतो, कोणी चार, कोणी सहा. जपानमध्ये खगोलज्ञ शिबुकावा शुंकाई यांनी १६८५ साली अमलात आलेल्या पंचांगसुधारणेत वर्षाचे चिनी परंपरेतले ७२ भाग आपल्या हवामानाला जुळवून घेतले. त्यातला एकेक भाग जेमतेम पाच दिवसांचा असतो आणि त्याचे नाव त्या पाच दिवसांत काय घडते यावरून पडलेले असते. पहिल्या वर्षी छापील नावे बाजूला ठेवून अशीच नावे स्वतः द्यावीत. ‘कठडा ओला राहण्याचे दिवस’, ‘खिडकीला जाळी धरण्याचा आठवडा’ अशी नावे इतरांना हास्यास्पद वाटतील, पण वर्षभराने ती वाचताना तो काळ जसा समोर उभा राहतो तसा ‘हेमंत’ या शब्दाने राहत नाही.

जागा आणि दहा मिनिटे

जागा निवडताना सौंदर्याला फार महत्त्व देऊ नये. डोंगरमाथा किंवा तळ्याचा काठ निवडला तर तिथे पोहोचणे हेच काम होऊन बसते, आणि तिसऱ्या आठवड्यात ते सुटते. जिन्याची पायरी, गच्चीचा कोपरा, खिडकीजवळची खुर्ची, रोजच्या वाटेवरचा बाक, यांपैकी काहीही चालेल. तिथून थोडे आकाश, मोजता येण्याइतपत हिरवे काही आणि ऊन-सावलीची एखादी रेघ दिसायला हवी. वेळही ठरलेली असावी. घड्याळाची वेळ ठरवली तर बदलता उजेड लक्षात येतो. सूर्योदयानंतर अर्ध्या तासाने, अशी ठरवली तर उजेड साधारण सारखा राहतो आणि स्वतःचे झोपणे-उठणे मागेपुढे हिंदकळताना दिसते. पहिल्या वर्षासाठी मी घड्याळाची वेळ सुचवेन, कारण ती पाळणे सोपे जाते.

नोंद कशी करावी, यावर थोडे थांबायला हवे, कारण बहुतेक वह्या इथेच फसतात. माझी पहिली वही फसली ती विशेषणांमुळे. त्यात ‘प्रसन्न सकाळ’, ‘उदास संध्याकाळ’, ‘मोहक धुके’ असे जवळजवळ आठ महिने लिहिलेले आहे आणि त्यावरून त्या आठ महिन्यांत समोरच्या झाडाचे काय झाले हे आज कोणालाही सांगता येणार नाही. त्याच जागेवरून पुढच्या वर्षी केलेली एक नोंद अशी आहे : ‘सात वाजून दहा मिनिटे. पायरी कोरडी, कठडा ओला. झाडाच्या खालच्या तीन फांद्या रिकाम्या, शेंड्याला अजून पाने. मुंग्यांची रांग काल कठड्याच्या डावीकडून होती, आज उजवीकडून. वारा नाही, तरी एक पान गरगरत खाली आले.’ या नोंदीत वाङ्मय नाही. पण वाऱ्याशिवाय पान का गळले, हा प्रश्न तिच्यात आहे, आणि त्या एका प्रश्नाने मला पुढचे तीन आठवडे पुरेल इतके काम दिले.

तेव्हा नियम साधा आहे : आधी मोजता किंवा दाखवता येईल ते लिहावे, विशेषण शेवटी आणि तेही एकच. किती, कुठे, कुठल्या दिशेने, काल होते ते आज कुठे गेले, एवढे चार प्रश्न पुरतात. चित्र काढता येत असो वा नसो, आठवड्यातून एकदा एकाच गोष्टीचे रेखाटन करावे, कारण डोळा ज्या ठिकाणी अंदाज बांधून पुढे जातो तिथे पेन्सिल अडते. वासाची नोंद करायला लोक विसरतात. कोरड्या मातीवर पहिला पाऊस पडल्यावर येणाऱ्या गंधाला शास्त्रज्ञांनी नाव दिले तेसुद्धा १९६४ साली, यावरून हे विसरणे किती जुने आहे हे लक्षात यावे.

उन्हाची रेघ हे एक स्वतंत्र प्रकरण आहे. घरात ज्या खिडकीतून दुपारचे ऊन जमिनीवर येते तिथे महिन्यातून दोनदा, ठरलेल्या तारखेला आणि ठरलेल्या वेळी, उन्हाच्या कडेवर पेन्सिलने बारीक खूण करावी आणि शेजारी तारीख घालावी. दोन अयनदिनांच्या दरम्यान माध्यान्हीच्या सूर्याची उंची सुमारे ४७ अंशांनी बदलते, त्यामुळे विषुववृत्तापासून दूरच्या प्रदेशात हिवाळ्यातले ऊन खोलीत खूप आतवर येते आणि उन्हाळ्यात उंबऱ्यापाशीच अडते. खुणांमधली अंतरे पाहिली की अयनदिनाजवळ त्या एकमेकींना चिकटलेल्या आणि विषुवदिनाजवळ दूर दूर पडलेल्या आढळतात; वर सांगितलेला वेगातला फरक पुस्तकाशिवाय पायाखाली उमटतो. घरातल्या इतरांना या खुणा पुसू नका असे आधीच सांगून ठेवावे. माझ्या पाच खुणा एका फडक्यासरशी गेल्या होत्या.

बाहेर आणि आत

वहीचे पान उभे दुमडून त्याचे एक मोठा आणि एक लहान असे दोन भाग करावेत. मोठ्या भागात बाहेरची नोंद असेल आणि लहान भागात आतली, म्हणजे स्वतःविषयी फक्त एक ओळ. ती ओळ बाहेरची नोंद पूर्ण झाल्यावरच लिहावी, कारण क्रम उलटला की मनातली अवस्था बाहेरच्या दृश्याला रंग द्यायला लागते. आतली ओळही घटनेच्या भाषेत असावी. ‘अस्वस्थ आहे’ यापेक्षा ‘एक फोन करायचा राहिला आहे, आज तिसरा दिवस’ ही नोंद वर्षाने वाचायला कितीतरी अधिक उपयोगी ठरते.

आणि दोन्ही भागांना जोडणारे ‘कारण’, ‘म्हणून’, ‘त्यामुळे’ हे शब्द रोजच्या नोंदीत वापरू नयेत. हा नियम पहिल्यांदा जाचक वाटतो. आभाळ भरून आले म्हणून मन भरून आले, असे लिहिण्याची खोड आपल्याला इतकी असते की ते खरे आहे का, हे पाहायला आपण थांबत नाही. दोन नोंदी शेजारी शेजारी, एकमेकींना न बांधता, पडू द्याव्यात. खरा संबंध असेल तर तो पन्नास पानांनंतर आपोआप वर येईल. नसेल तर आपण एका खोट्या संबंधापासून वाचलो. कारणे शोधण्याची वेळ वर्षातून दोनदा येते, तिच्याविषयी पुढे लिहिले आहे.

घडवणे

निरीक्षणातून निर्मिती आपोआप होत नाही. वही भरत जाते आणि कविता, चित्र, गाणे, कथा यांपैकी काहीच होत नाही, असेही घडते. त्यासाठी आठवड्यातून एकदा, शक्यतो एकाच वारी, वहीतल्या सात नोंदींपैकी एक उचलून तिच्यातून काहीतरी पूर्ण करावे, मग ते कितीही छोटे असो. पूर्ण हा शब्द महत्त्वाचा आहे. चार ओळी, तळहाताएवढे चित्र, एक मिनिटाची धून, कापडावरची एक वेलबुट्टी. पण ती त्या बैठकीत संपली पाहिजे.

एकच विषय पुन्हा पुन्हा हाताळणे हा ऋतूंनी दिलेला सर्वांत मोठा धडा आहे असे मी मानतो. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांनी १८९० आणि १८९१ मध्ये कापलेल्या गव्हाच्या त्याच गंजी वेगवेगळ्या ऋतूंत आणि दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी रंगवल्या; उजेड बदलला की हातातला कॅनव्हास बाजूला ठेवून ते दुसरा घेत. गंजीत पाहण्यासारखे फारसे काही नव्हते, आणि म्हणूनच पाहण्यासारखे होते ते दिसले. हे करून पाहणे अवघड नाही. समोरची एक वस्तू निवडावी आणि वर्षभरात तिच्यावर बारा वेळा काम करावे, दर महिन्याला एकदा. साधारण चौथ्या-पाचव्या खेपेला कंटाळा येतो. सांगण्यासारखे सगळे सांगून झाले असे वाटते, हात जुन्याच रेषा गिरवतो. त्या खेपेला थांबू नये, कारण आधीच्या चार खेपांत आपण बहुधा वस्तूविषयी आपल्याला आधीपासून ठाऊक होते तेच काढत असतो, आणि ते संपल्याशिवाय वस्तूकडे नजर जात नाही.

जपानी हायकूच्या परंपरेत ऋतू सुचवणारा एक शब्द कवितेत असावा असा संकेत आहे. त्यातली युक्ती कुठल्याही भाषेत चालते : ऋतूचे नाव न घेता, त्या काळातच आढळेल अशा एकाच वस्तूने तो काळ सांगावा. स्वतःच्या वहीतून अशा वस्तूंची यादी करावी आणि त्यात सगळ्यांना ठाऊक असलेल्या गोष्टी शेवटी ठेवाव्यात. पाऊस सांगायला छत्री कोणीही वापरेल. दाराची फळी फुगून चौकटीत अडकणे हे ज्याने पाहिले आहे तोच वापरेल.

आता उशिराविषयी. सूर्याचा सर्वांत मोठा दिवस हा सर्वांत उष्ण दिवस नसतो. जमीन, आणि तिच्याहूनही समुद्र, तापायला वेळ घेतात, त्यामुळे समशीतोष्ण प्रदेशात कडक उन्हाळा अयनदिनानंतर साधारण महिनाभराने किंवा त्याहूनही उशिरा येतो. थंडीचेही तसेच. लिहिणाऱ्याच्या बाबतीत असाच विलंब मी पुन्हा पुन्हा पाहिला आहे : जे आज पाहिले त्यावर आज लिहिलेले बहुधा पातळ उतरते, आणि पाच-सहा आठवड्यांपूर्वीच्या नोंदीतून काढलेले घट्ट उतरते. म्हणून आठवड्याच्या त्या बैठकीसाठी ताज्या नोंदीऐवजी सहा आठवड्यांमागचे पान उघडण्याची सवय लावून पाहावी. पावसाळा संपल्यावर पावसावर लिहावे. आठवणीतून जे गळून पडायचे ते तोवर गळलेले असते आणि तपशिलासाठी वही हाताशी असतेच.

बैठकीत काहीच सुचेना तर उठून चालायला जावे. स्टॅनफर्ड विद्यापीठातील मेरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, बसून राहण्यापेक्षा चालताना लोकांना अधिक नव्या कल्पना सुचल्याचे दिसले. कोऱ्या भिंतीकडे तोंड करून चालण्याच्या यंत्रावर (ट्रेडमिलवर) चालतानाही ते दिसले, आणि चालून परत बसल्यावरही तो परिणाम थोडा वेळ टिकला. ज्या कोड्याचे उत्तर एकच असते तिथे मात्र चालण्याचा असा फायदा झाला नाही. तेव्हा विषय शोधायला चालावे, आणि ओळ घासूनपुसून नेमकी करायला बसावे.

वर्षातून चार बैठका

दोन अयनदिन आणि दोन विषुवदिन यांच्या आसपास प्रत्येकी दोन तास राखून ठेवावेत. नेमकी तारीख चुकली तरी बिघडत नाही, पण चारही बैठकांचे काम एकसारखे नाही. अयनदिनाला, जेव्हा बाहेरचा बदल थबकलेला असतो, तेव्हा फक्त वाचावे : गेल्या सहा महिन्यांची वही पहिल्या पानापासून, कुठेही खाडाखोड न करता. विषुवदिनाला, जेव्हा उजेड रोज झपाट्याने बदलत असतो, तेव्हा बदल करावा : जागा, वेळ, माध्यम, कामाचा क्रम यांपैकी एक गोष्ट. एकाच वेळी दोन बदलल्या तर कशाने काय झाले हे नंतर सांगता येत नाही.

वाचनाच्या बैठकीत ‘कारण’ हा शब्द परत आणावा. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना मनाला लागलेल्या घटनांविषयी काही दिवस सलग, रोज पंधरा-वीस मिनिटे लिहायला सांगितले होते. पुढे त्या लेखनाची छाननी केल्यावर असे आढळले की ज्यांच्या लेखनात दिवसागणिक कारण सांगणारे आणि उमज दाखवणारे शब्द वाढत गेले, त्यांना लेखनाचा लाभ अधिक झाला. पहिल्याच दिवशी सगळी संगती लागलेली असणे आणि ती हळूहळू लागत जाणे यांत फरक आहे. रोजच्या नोंदीत कारणांना मज्जाव आणि बैठकीत त्यांना आमंत्रण, ही व्यवस्था त्यासाठीच आहे.

वाचताना आतल्या भागातल्या ओळी बोटाने खाली सरकत वाचाव्यात आणि तीन गोष्टींवर खूण करावी : जी ओळ तीनपेक्षा जास्त वेळा आली आहे ती, जी पूर्वी रोज येत होती आणि अचानक नाहीशी झाली ती, आणि जी वाचताना ‘हे मी लिहिले?’ असे वाटले ती. मधली खूण सर्वांत बोलकी असते. एखादी काळजी कधी संपली हे आपल्याला सहसा कळत नाही. ती लिहायची राहून गेलेली असते एवढेच. अशी ओळ सापडली की ती कोणत्या तारखेला शेवटची आली आणि त्या दिवशी बाहेर काय चालले होते, हे निराळ्या कागदावर लिहावे.

पानगळीच्या दिवसांत येणाऱ्या विषुवदिनाला, म्हणजे उत्तर गोलार्धात सप्टेंबरमध्ये आणि दक्षिण गोलार्धात मार्चमध्ये, एक जादा काम करावे. पान गळण्यापूर्वी झाड त्यातले हरितद्रव्य मोडते, नायट्रोजनसारख्या मोलाच्या घटकांचा मोठा भाग पानातून खोडाकडे परत ओढून घेते आणि मग देठाशी पेशींचा एक थर कमकुवत करून पान सोडून देते. वाऱ्याशिवाय गळलेल्या त्या पानाचे उत्तर मला इथे मिळाले : ते तुटले नव्हते, सोडले गेले होते. अर्धवट राहिलेल्या कामांचा गठ्ठा काढावा आणि प्रत्येकातून काय परत ओढून घेण्यासारखे आहे ते पाहावे. एखादी प्रतिमा, एखादे नाव, एखादा संवाद, रंगांची एखादी जोडी. ते एका कोऱ्या पानावर उतरवून घ्यावे आणि उरलेले काम निःशंकपणे रद्द करावे. काही न काढता तसेच टाकून दिले तर हळहळ राहते, आणि काहीच न टाकता जपले तर गठ्ठा दरवर्षी जड होत जातो. बऱ्याच झाडांच्या पुढच्या वर्षीच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच तयार होऊन हिवाळाभर मिटून बसलेल्या असतात, ही गोष्टही इथे लक्षात ठेवण्यासारखी आहे. गठ्ठ्यातली काही कामे मेलेली नसतात, मिटलेली असतात. ती ओळखण्याची माझी खूण अशी, की रद्द करायला घेतल्यावर त्यांच्यात पुढचे एक वाक्य आपसूक सुचते. अशांना हात लावू नये.

दुसरे वर्ष

दुसऱ्या वर्षी नवी वही घेऊ नये, किंवा घ्यावी लागली तर जुनी शेजारी उघडी ठेवावी. सर्वांत सोय होते ती तारखेनुसार पाने पाडलेल्या वहीत, जिथे एका तारखेच्या पानावर एकाखाली एक पाच वर्षांच्या नोंदी मावतात. आजची नोंद लिहून झाल्यावरच गेल्या वर्षीची वाचावी, आधी नाही.

इथे या पद्धतीचे खरे काम सुरू होते. वर्षातल्या एका ठरावीक पंधरवड्यात मी हातातले काम अर्ध्यावर टाकून नवे काहीतरी सुरू करतो, हे मला तिसऱ्या वर्षी कळले. पहिल्या वर्षी त्याचे कारण मी नोकरीतला ताण असे सांगितले होते, दुसऱ्या वर्षी आजारपण, तिसऱ्या वर्षी घरातली पाहुण्यांची वर्दळ. तिन्ही कारणे त्या-त्या वेळी खरी होती आणि तिन्ही वेळा कठडा ओला होता. ऋतूने मला ते काम टाकायला लावले असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की सांगितलेल्या कारणांवरचा माझा विश्वास कमी झाला, आणि त्या पंधरवड्यासाठी आता मी मोठे काम हाती घेतच नाही.

अशा जुळणीला भुलण्याचा धोकाही असतो. दोन वर्षे सलग एखादी गोष्ट घडली म्हणजे ती नियम झाली असे नाही. वर्षाच्या ठरावीक काळात, विशेषतः दिवस लहान झाल्यावर, आठवडेच्या आठवडे झोप वाढणे, कशातच रस न वाटणे, माणसे नकोशी होणे असे आतल्या ओळींतून दिसले, तर त्याचे काव्य करीत बसू नये. ऋतूनुसार येणाऱ्या अशा नैराश्याचे वर्णन मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली केले. त्यावर प्रखर प्रकाशासह निरनिराळे उपचार उपलब्ध आहेत. वही डॉक्टरांकडे घेऊन जावी, तारखा त्यांना उपयोगी पडतात.

बाहेरचे मापही अगदी अढळ नाही. इंग्लंडमधील रॉबर्ट मार्शम यांनी १७३६ साली वसंताच्या खुणांची नोंद सुरू केली आणि त्यांच्या घराण्याने ती १९५८ पर्यंत चालवली. अमेरिकेतील लेखक हेन्री डेव्हिड थोरो यांनी १८५० च्या दशकात आपल्या गावाभोवतीची फुले कोणत्या दिवशी उमलतात हे टिपून ठेवले होते, आणि दीडशे वर्षांनी शास्त्रज्ञांनी त्याच परिसरात पाहणी केली तेव्हा अनेक फुले आता कितीतरी दिवस आधी उमलतात असे दिसले. पृथ्वीचा कल तोच आहे, उन्हाची रेघ त्याच खुणेवर येते, पण फूल तारखेवर येत नाही. म्हणून वहीत दोन्ही असावे : न बदलणारी रेघ आणि बदलणारे झाड.

खंड पडला तर

खंड पडतोच. पडलेल्या दिवसांच्या नोंदी आठवून भरू नयेत, कारण एक बनावट नोंद शेजारच्या दहा खऱ्या नोंदींवरचा विश्वास उडवते. रिकामी जागा रिकामी ठेवावी आणि पुन्हा सुरू केलेल्या दिवशी फक्त इतके लिहावे की किती दिवस गेले. हे रिकामे पट्टेही पुढे वाचायला मिळतात. माझे बहुतेक खंड कंटाळ्याच्या दिवसांत पडतील असे मला वाटत होते, प्रत्यक्षात ते काम उत्तम चाललेल्या दिवसांत पडलेले निघाले.

घरातल्या लहान मुलांना सामील करून घ्यायचे असेल तर त्यांना वही देऊ नये, उन्हाची रेघ द्यावी. खूण करण्याचा मान त्यांचा, तारीख लिहिण्याचा आपला.

आणि जागा सोडावी लागली, घर बदलले, समोरचे झाड तोडले गेले, तर वही बंद करू नये. नव्या ठिकाणी पहिल्या दिवशी आतली ओळ लिहूच नये. ठरलेल्या वेळी खिडकीशी बसावे, ऊन जमिनीवर कुठवर आले आहे ते पाहून तिथे खूण करावी, शेजारी तारीख घालावी, आणि बाहेर जे काही एक हिरवे दिसेल त्याची पाने मोजायला सुरुवात करावी.